पीठ बाईंचं, तेल माझं

माझं तोंड फार थोड्या गिऱ्हाइकांनी पाहिलं असेल. हात मात्र आदिलाबादच्या बाजारात पुष्कळांच्या ओळखीचा होता. आमच्या घराला रस्त्याकडे एक ठेंगणी खिडकी होती आणि तिच्यावर पोत्याचा पडदा. पडद्याखालून मी पळसाच्या पानावर भजे बाहेर सरकवायची आणि हात आत घ्यायची. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझं नव्हतं. ते बाईंचं.

बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, गोदावरी. मी यमुना. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "एका घरात दोन नद्या झाल्या यमुने, पन पानी विहिरीचंच वढा लागन." मी तोंड दाबून हसले. माहेरी वांकिडीला मी चौथीपर्यंत शिकले होते, पण चार माणसांत बोलायची माझी जीभ कधी उचलली नाही. भासऱ्यांपुढे, म्हणजे बाईंच्या मालकांपुढे, तर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत यायचा. ते तहसील कचेरीत कारकून होते. माझे मालक अडतीत धान्य मोजणारे मापारी.

भज्यांचं काम सुरू झालं ते निजामाचं राज्य गेल्यानंतर. तेव्हा कचेरीपुढे रोज जत्रेसारखी गर्दी असायची. कोणाची जमीन, कोणाचा पट्टा, कोणाची अर्जी. लांबून गाड्या जुंपून आलेली माणसं, इंद्रवेल्लीकडून पायी आलेले गोंड, सगळे दिवसभर झाडाखाली बसायचे आणि साहेब उद्या या म्हणायचे. त्यांना बसल्या जागी काही खायला मिळत नव्हतं. बाई एक दिवस भासऱ्यांना म्हणाल्या, "तुमच्या कचेरीत लोकायचं काम होत नाही, निदान पोट त भरू द्या." आणि आमची खिडकी उघडली.

आता घरातल्या मुली विचारतात, आजी, आमचे भजे मऊ का पडतात. यूट्यूबवर पाहतात, चमच्याने मोजून टाकतात, तरी मऊ. लोकांना वाटतं भजं पिठाने कुरकुरीत होतं. तसं नाही, भजं पाण्याने बिघडतं. कांदा उभा आणि पातळ चिरायचा, मीठ लावून थोडा वेळ ठेवायचा. त्याला स्वतःचं पाणी सुटतं. त्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन घालायचं. त्यात मूठभर ज्वारीचं पीठ, तिखट, हातावर चोळलेला ओवा आणि कढईतलंच कडकडीत तेल पळीभर. वरून पाणी घातलं तर भजं फुगतं, दिसायला छान दिसतं आणि पानावर ठेवलं की मान टाकतं. गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, जरा वेगळं. त्याच्या चकत्या पिठात बुडवून काढल्या तरी कड दिसली पाहिजे, नाहीतर खाणाऱ्याच्या तोंडात नुसतं बेसन येतं. पालकाचं पान देठासकट घ्यायचं, देठ धरून सोडायला बरं पडतं.

पीठ भिजवायच्या बाई आणि तळायची मी. ही वाटणी कोणी ठरवून केली नव्हती. पीठ कालवणारा हात ओला असतो आणि ओल्या हाताने कढईशी बसलं की तेल अंगावर उडतं, म्हणून दोघी लागतात. बाईंनी कधी माप वापरलं नाही. परातीत बोटं फिरवायच्या, वर उचलायच्या, बोटांवरून पीठ कसं सुटतं ते पाहायच्या आणि परात माझ्याकडे ढकलायच्या. मी तेलाचा आवाज ऐकायची. भजं सोडलं की कढई बडबड करते. आतलं पाणी सरत आलं की ती बडबड बारीक होत जाते. ती पूर्ण थांबायच्या आत झारा घालायचा. थांबू दिली तर भजं करपतं आणि घाई केली तर आत कच्चं राहतं. मला वाटतं, मी बोलले नाही म्हणून मला ते ऐकू यायचं.

कचेरीत एक म्हातारे पेशकार साहेब होते. साहेबापुढे कागद मांडायचं त्यांचं काम. ते शिपायाला न पाठवता स्वतः खिडकीशी यायचे, पालकाचं भजं घ्यायचे, कानाशी धरायचे आणि मोडायचे. आवाज आला तर म्हणायचे, "हां, बोलती है." नाही आला तर भजं पानावर परत ठेवून म्हणायचे, "आज नाराज है."

बाई पडद्याआडून म्हणायच्या, "साहेब, तुमच्या कचेरीतले कागद बोलतेत काय कवा? आमचं भजं एखांद्या दिवशी नाही बोललं त काय झालं?"

ते हसून तेच भजं खायचे. त्यांच्या मागे उभे असलेले लोक मात्र हसायला घाबरायचे, कारण त्यांचे कागद साहेबांकडे अडकलेले असायचे.

मग भाषेवरून राज्यं करायचं ठरलं. खिडकीपुढे रोज तीच बोलणी. किनवट तिकडे मुंबई राज्यात जाणार, राजुरा तिकडे जाणार, आदिलाबाद इकडेच आंध्रात राहणार. माणसं भजे खात खात तालुके वाटत होती. आम्ही दोघी आत ऐकत होतो. बाईंना वाटायचं, आपली बोली मराठी, तर आपलं गावही तिकडे जाईल. एकदा त्यांनी भासऱ्यांना तसं विचारलं. ते म्हणाले, "गाव नाही जात. नोकरी जाते. मले तेलुगू येत नाही, म्हून माह्यं नाव तिकडल्या यादीत टाकलं. किनवटले हजर व्हा म्हनते."

"अन् मी?" बाई म्हणाल्या.

"तुह्यं काय वेगळं रायते?"

असं आमचं घर वाटलं गेलं. माझ्या मालकांची अडत इथे, घर इथे, म्हणून आम्ही राहिलो. बाईंनी सामान बांधताना कढईला हात लावला नाही. म्हणाल्या, "कढई राहू दे तुह्यापाशी. मी तिकडं कोनासाठी तळू? परात तेवढी नेतो." परात गोणीत घातली आणि गोणीचं तोंड शिवलं. स्टेशनवर गाडीत चढताना त्या खूप बोलत होत्या. ओवा कुठून आणायचा, उधारी कोणाला द्यायची नाही, पडदा कधी धुवायचा. मी नुसती मान हलवत होते. गाडी हलल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एक शब्दही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मोठी बाई कुठं गेली?" मी पान बाहेर सरकवलं.

"हे मुकी हाय काय?"

दुसरा म्हणाला, "मुकी नाही बाप्पा. किनवट मुंबई राज्यात गेलं न, तिची जीब तिकडंच गेली."

सगळे हसले. मी आत हसले नाही, पण राग आला असंही नाही. खरंच होतं ते.

बोलण्याचं पुढे निभलं. पिठाचं निभलं नाही. मी बाईंसारखीच बोटं फिरवायची, वर उचलायची, पण बाई बोटांवर काय पाहत होत्या ते मला दिसायचं नाही. एका बाजाराच्या दिवशी भजे चिवट झाले म्हणून मी घाबरून सोडा टाकला. सोड्याने भजं हलकं होतं खरं, पण तेल पिऊ लागतं. त्या दिवशी पानं तेलाने भिजली आणि एक शेतकरी भजं दाबून दाखवत म्हणाला, "बाई, हे तेल वेगळं द्या लागत होतं, दिव्यात टाकलं असतं." बदली व्हायच्या आधी पेशकार साहेब शेवटचे आले तेव्हा त्यांनी भजं मोडलंच नाही. तसंच खाल्लं आणि म्हणाले, "अच्छा है बेटी." मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

किनवटला भासऱ्यांच्या भाड्याच्या घराला लागून मारोतीदादा नावाच्या माळ्याचा मळा होता. तो दर बाजाराला आगगाडीने आदिलाबादला गिलके आणि पालक घेऊन यायचा. गिलक्यांबरोबर बाईंचे निरोप यायचे. तो परत जाताना मी त्याच्याजवळ पानात बांधून भजे द्यायची. पुढच्या बाजाराला बाईंचा निकाल हजर.

"बाई म्हनते, मऊ झाले."

"दादा, गाडीनं झाले ते मऊ. इथं असते त कळलं असतं."

"मी म्हनलं तसं. त म्हनते, गाडी काय पीठ भिजवते?"

तोपर्यंत इकडे नवे तहसीलदार आले होते, गुंटूरकडचे. त्यांच्या बायकोने शिपायाकरवी मला घरी बोलावलं. मी दोन दिवस तब्येतीचं निमित्त सांगितलं, मग जावंच लागलं. त्यांना मराठी येत नव्हती, मला तेलुगू. आम्ही चुलीशी बसलो. त्यांनी माझं पीठ बोटाने चाखलं, आत गेल्या आणि डब्यातून पांढरं पीठ आणून परातीत टाकलं. "बिय्यम पिंडी," असं दोनदा म्हणाल्या. तांदळाचं पीठ. तळलं तर भजं खरंच कुरकुरीत झालं, थंड झाल्यावरही टिकलं. त्या माझ्याकडे पाहून हसल्या, मी त्यांच्याकडे. चांगली बाई होती. पुढे बदली होईपर्यंत त्या माझ्याकडूनच मिरचीचे भजे मागवायच्या.

माझं बिघडलेलं काम त्यांच्यामुळे सावरलं, हे मी नाकारत नाही. नव्या ऑफिसांतून आलेल्या लोकांना ती चव आवडली. गिऱ्हाईक वाढलं. पण ज्वारीचं पीठ घातलेल्या भज्याला एक खरखर असते, दाताला थोडी लागणारी, ती गेली. जुन्या गिऱ्हाइकांतले काही म्हणाले, "हे बाईच्या हातचं नाही." बरोबरच होतं. बाईंना मी निरोपात तांदळाच्या पिठाचं सांगितलं. निरोप आला, "तांदूळ टाकते त त्याले भजे कायले म्हनते, पापड म्हन." आणि त्याच निरोपाचं शेपूट मारोतीदादा उठून जाता जाता सांगून गेला. "अन् म्हनते, आखाडात येतो. परात घेऊन येतो. मंग तुले दाखवतो."

आखाडात, म्हणजे आषाढात, आपल्याकडे घरोघर तळण करतात, लेकी-सुनांना बोलावतात. बाईंनी आखाड धरला तो त्यासाठीच. त्या वर्षी भासऱ्यांच्या कचेरीत तपासणी निघाली. पुढच्या वर्षी त्यांच्या लेकीचं बाळंतपण. मधे एकदा मीच मालकांबरोबर सकाळच्या गाडीने किनवटला गेले, पण पाहुणी म्हणून बाईंनी मला चुलीशी येऊ दिलं नाही. पाटावर बसवून वाढलं आणि संध्याकाळची गाडी आली. आमची भेट झाली, काम झालं नाही. मला त्यांच्या समोर बसून त्यांचा हात पाहायचा होता. पीठ शिकायचं होतं, आणि खरं सांगायचं तर पिठापेक्षाही पुन्हा एकदा दोघींनी एका कढईशी बसायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

तिसऱ्या वर्षी आखाड यायच्या आधी बाई आजारी पडल्या. पोटात पाणी झालं म्हणायचे. मारोतीदादा दर बाजाराला सांगायचा, "तशीच हाय. पन बोलते लय." बोलतात म्हणजे बरं आहे, असं मी समजायची. जायचं मनात होतं, पण जेठात आमच्याकडे लग्नाची कामं येतात. बाजारातल्या एका किराणावाल्या शेठच्या मुलीचं लग्न होतं. वरातीला भजे आमच्याकडचे, असं त्यांनी हौसेने सांगितलं होतं. ते झालं की किनवटला जायचं, असं मालकांशी बोलून ठेवलं होतं आणि मारोतीदादाजवळ तसा निरोपही पाठवला होता.

लग्नाच्या दिवशी आमच्या अंगणात दोन चुली मांडल्या. शेजारची कोंडाबाई पीठ भिजवायला आली. शेठच्या घरून टोपल्या येऊन बसल्या होत्या. मी पहिला घाणा काढला आणि पाहते तर दारात मारोतीदादा. तो बाजाराचा दिवस नव्हता. जवळ टोपली नव्हती.

"या न दादा. आज कसे? बाई कशा हायेत?"

तो दारातच थांबला. चुलीकडे पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं. "तुमचं चालू द्या वैनी," म्हणाला. "पानी द्या थोडं. मले अडतीत मालकाकडे जाचं हाय."

मी पाणी दिलं. गरम भजे पानावर दिले. तो नको म्हणाला. मी म्हटलं, "गिलके तुमचेच हायेत, खाऊन पाहा." त्याने एक उचललं आणि बराच वेळ चावत राहिला. मी त्या घाण्यातले निवडून निवडून भजे एका पानात बांधले, बाईंसाठी. आज अंगणात मोठी चूल होती, तेल नवं होतं, भजे मनासारखे झाले होते. मी म्हटलं, "सांगा त्यायले, आज मऊ झाले त माहं नाव बदला. अन् मी येतोच हाय परवा." त्याने पुडा घेतला आणि गेला.

थोड्या वेळाने पाणी घ्यायला गेले तर पुडा रांजणाच्या मागे ठेवलेला. विसरला बिचारा, असं वाटलं. पुडा सोडून मी भजे शेठच्या टोपलीत टाकले.

दुपारी मालक जेवायला आले नाहीत. कोणीतरी येऊन सांगितलं, ते अडतीच्या कामाने बाहेरगावी गेले. मी तळत राहिले. टोपल्या भरून गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा भरल्या. शेठचा माणूस दोनदा सांगून गेला की वरातीत भज्यांची वाहवा होत आहे. कोंडाबाई सकाळी गाणं गुणगुणत आली होती, पण दुपारनंतर ती गप्प होती. मला वाटलं, दमली.

शेवटची टोपली गेल्यावर तिने माझ्या हातातला झारा घेतला. कढई चुलीवरून उतरवली, चुलीत पाणी टाकलं, मग माझ्याजवळ बसून सांगितलं. बाई पहाटे गेल्या होत्या. मारोतीदादा तेच सांगायला आला होता. कोंडाबाईला दुपारी अडतीतून निरोप आला होता, काम संपेपर्यंत बोलू नको म्हणून.

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरातलं माणूस गेलं की सुतक लागतं आणि सुतकाच्या घरी कढई चढत नाही. त्या घरचं तळण कोणी खात नाही, लग्नाला तर नाहीच नाही. पण माणूस लांबच्या गावी वारलं असेल तर सुतक बातमी कानावर पडल्यापासून धरतात. कानावर पडलं नाही तोवर हात शुद्ध. म्हणून मारोतीदादा बोलला नाही. म्हणून मालकांना अडतीत कळलं तसे ते घरी न येता तिथूनच स्टेशनवर गेले, त्यांच्या अंगाचं सुतक माझ्या कढईपर्यंत येऊ नये म्हणून. म्हणून पुडा रांजणामागे राहिला. दुखवट्याच्या घरात तळलेलं नेत नाहीत.

सगळ्यांनी किती नीट सांभाळलं. वरात जेवली, शेठची शोभा राहिली, माझ्या हाताचं नाव झालं. मी मात्र बाईंचं तोंड पाहिलं नाही. त्या सवाष्ण गेल्या. त्यांना न्हाऊ घालणं, हळद-कुंकू लावणं, हिरवं लुगडं नेसवणं, ओटी भरणं, हे जावेचं काम असतं. ते किनवटच्या शेजारणींनी केलं. त्यातलं कोणी त्यांना नीट ओळखतही नव्हतं. त्या वेळी मी दुसऱ्याच्या अंगणातल्या लग्नासाठी भजे काढत होते आणि हसत होते, हे मला आठवतं. कढईशी बसले की अजूनही आठवतं, आणि त्यानंतर मी पुष्कळ वर्षं कढईशी बसले.

दुसऱ्या दिवशी किनवटला पोचले तेव्हा कोपऱ्यात दिवा होता. बाईंची परात भिंतीला उभी होती. घरात माणसं फार. मालक ओसरीवर भावाजवळ बसले होते, त्यांनी माझ्याकडे पाहून मान खाली घातली. एक म्हातारी आत्याबाई होत्या, नात्यातल्याच. त्या मला ऐकू जाईल अशा बोलल्या, "आली का भजेवाली? लगनाचं काम सोडवत नसन."  सुतकाचे दिवस मी त्या घरात पाणी भरलं, भांडी घासली आणि ते वाक्य निरनिराळ्या बायकांच्या तोंडून ऐकलं. त्यांना वाटत होतं मला कळलं होतं आणि मी आले नाही.

तेरवीच्या सकाळी मारोतीदादा विहिरीवर भेटला. मी विचारलं, "दादा, मले काऊन नाही सांगतलं?"

तो दोर ओढायचा थांबला. "वैनी, मले जसं सांगतलं तसं केलं. लगन त्याच दिवशी हाय हे मुन्शीजीले माहीत होतं, मीच तुमचा निरोप आनला होता न. मले म्हनले, जाय, अन् कढई चढली नसन त घेऊन ये. चढली असन त तोंड उघडू नको, तसाच भावाकडे जाय." मग म्हणाला, "ते भजं मले गिळत नव्हतं, आईची आन."

मुन्शीजी म्हणजे भासरे.

मी हंडा तिथेच ठेवला. ओसरीवर भासरे एकटे बसले होते, आत स्वयंपाक चालू होता. तेरवीला दुखवटा संपतो, त्या दिवशी कढई चढवतात, वडे-भजे करतात. मी खांबाशी उभी राहिले. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. पदर तसाच होता.  बहुतेक त्यांना समजलं होतं मी कशासाठी उभी आहे.

"भाऊजी, तुमी मले सांगू नका म्हनलं."

"हो," ते म्हणाले. "शेठचं लग्न होतं. ऐन वेळी कढई उतरली असती त वरातीत बोभाटा झाला असता. पुन्हा कोनी काम देल्लं नसतं तुमाले. ते खिडकी तुमी दोघीनं उभी केली होती. मी तुमचं भलंच पाह्यलं, सूनबाई."

"मले इचारलं असतं."

"इचाराले सांगाच लागलं असतं न."

ते खरं होतं.  मी खाली बसले, उंबऱ्याशी. मग माझ्या तोंडून निघालं, "भाऊजी, तिथं वरन-भात होता. पोया होत्या, बुंदी होती, वांग्याची भाजी होती. भज्यावाचून लगन अडत नसते."

त्यांनी चष्मा काढला. उपरण्याच्या टोकाने काचा पुसत बसले. पुसून झाल्या तरी पुसत राहिले.

आतून आत्याबाईंची हाक आली, "यमुने, तेल तापलं. ये, घाना टाक."

मी उठले नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. तेल धुरावलं, त्याचा वास ओसरीपर्यंत आला, आत कोणीतरी खोकू लागलं. मी तिथेच बसून राहिले.